हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर : रक्तांतील शिपायांचें कार्य

हृदयावरील मोठी शस्त्रक्रिया यथासांग पार पडते. शल्यवैद्य बाहेर येऊन, 'काम चांगलें झालें' असें घरच्या मंडळींस सांगतात, आणि सकाळपासून दाराशीं ताटकळत बसलेल्या माणसांचा जीव भांड्यांत पडतो. परंतु दुसऱ्या दिवशीं कांचेच्या दारांतून आंत डोकावतांच तींच माणसें पुन्हां धास्तावतात. रोग्याचा चेहरा सुजलेला असतो, हातांचीं बोटें फुगलेलीं असतात, अंगांत कणकण असते, श्वास नेहमींपेक्षां जलद चालतो. आणि तिसऱ्या दिवशीं नाडी मधूनच वेडीवांकडी पडूं लागली म्हणजे तर 'ऑपरेशन बिघडलें' या शब्दांवांचून दुसरें कांहीं कोणाच्या तोंडून निघत नाहीं.

नगर जिल्ह्यांतील घरांवर असा प्रसंग पूर्वीं क्वचित् येई. कारण अशा शस्त्रक्रियेसाठीं पुण्यास किंवा मुंबईस जावें लागे, आणि तितकी ऐपत फार थोड्यांची असे. आतां ती स्थिति राहिलेली नाहीं. ज्या अहमदनगर शहरास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें, तेथील आनंदऋषीजी रुग्णालयांत आणि शिर्डीस साईबाबा संस्थानच्या रुग्णालयांत हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेंत या शस्त्रक्रियांचा समावेश असल्यामुळें शेवगांव, पाथर्डी अथवा कर्जतकडील साधा शेतकरीहि आज त्या कांचेच्या दारापर्यंत पोंचूं शकतो. म्हणूनच दाराबाहेर बसणाऱ्या मंडळींस ही सूज म्हणजे काय, हा ज्वर कोणीं आणला, त्यास भ्यावें किती आणि न भ्यावें किती, हें ठाऊक असणें अगत्याचें झालें आहे.

या गोष्टीचा उलगडा करण्यास नगरच्याच इतिहासांतील एक प्रसंग फार उपयोगी पडतो. १५९५ च्या अखेरीस अकबर बादशहाचा पुत्र मुराद याच्या फौजेनें नगरच्या भुईकोट किल्ल्यास वेढा घातला. तटाखालीं सुरुंग पेरण्यांत आले. त्यांपैकीं कांहीं किल्ल्यांतील लोकांनीं हुडकून निकामी केले. पण १५९६ च्या फेब्रुवारींत एक उडाला आणि तटास मोठें खिंडार पडलें. त्या वेळीं चांदबिबी स्वतः शस्त्र घेऊन खिंडारावर उभी राहिली, शिबंदीस धीर दिला, हल्ला परतविला आणि रातोरात तट पुन्हां बांधून काढविला. वऱ्हाड प्रांतावर समाधान मानून मोंगलांस तह करावा लागला. यापुढील भाग मात्र दुःखाचा आहे. १६०० सालीं पुन्हां वेढा पडला असतां ती राणी शत्रूस फितूर झाली, अशी खोटी आवई किल्ल्यांत उठली, आणि जिनें खिंडार राखलें तिचाच किल्ल्यांतील लोकांनीं वध केला. त्यानंतर लवकरच किल्लाहि पडला.

तट राखणारी शिबंदी तीच आणि भलत्या आवईवरून आपल्याच धन्यावर शस्त्र उगारणारी शिबंदीहि तीच. मनुष्याच्या रक्तांत अशीच एक शिबंदी सदैव फिरत असते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरांत जें घडतें त्यांत या दोन्ही प्रसंगांचें साम्य आढळतें.

या शिबंदीचा शोध १८८२ सालीं लागला. एली मेच्निकॉफ नांवाचा रशियन शास्त्रज्ञ त्या वेळीं सिसिली बेटांतील मेसिना या बंदरीं राहत होता. तारामाशाचीं पिलें काचेसारखीं पारदर्शक असतात. त्यानें त्यांच्या अंगांत गुलाबाचे बारीक कांटे टोंचून ठेविले आणि दुसऱ्या दिवशीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूस वेढून गिळणें हें या पेशींचें काम आहे, असें त्यानें ताडलें, आणि याच कार्याबद्दल १९०८ सालीं पॉल एर्लिक यांच्यासमवेत त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. महाराष्ट्राचा या परंपरेशीं जुना संबंध आहे. मुंबईच्या प्लेगांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन हे याच मेच्निकॉफचे शिष्य होत. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नांवानें चालते.

मनुष्याच्या एक घनमिलिमीटर रक्तांत लाल पेशी सुमारें ५० लाख असतात, तर पांढऱ्या पेशी अवघ्या ४ ते ११ हजार. या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक भरणा न्यूट्रोफिल नांवाच्या पेशींचा असतो. हे आघाडीचे शिपाई होत. हाडांतील मगज दररोज सुमारें दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो आणि त्यांचें आयुष्य कांहीं तासांचें अथवा फार तर थोड्या दिवसांचें असतें. दुसरी जात मोनोसाइट पेशींची. त्या रक्तांतून बाहेर पडून ऊतकांत शिरल्या म्हणजे मोठ्या होऊन मॅक्रोफेज बनतात. शत्रु गिळणें, बाकीच्या पेशींस निरोप पाठविणें आणि लढाई संपल्यावर रणांगण साफ करणें, अशीं तिन्ही कामें त्या करतात. तिसरी जात लिंफोसाइट पेशींची. जुन्या शत्रूची ओळख ठेवणें आणि वेळ येतांच बाकीच्या शिबंदीस आवर घालणें, हें काम त्यांजकडे असतें.

बोटास कांटा रुतला म्हणजे हे शिपाई तेथें जमतात. तेवढीच जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि दुखते. यालाच वैद्यकांत दाह म्हणतात. हा दाह उपकारक आहे. तो नसता तर साध्या कांट्यानें मनुष्य दगावला असता. मग हृदयाच्या शस्त्रक्रियेंतच सबंध अंग कां सुजावें? याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण उघड आहे. छातीचें मधलें हाड उभें चिरावें लागतें, आणि पुष्कळदां पायांतील शीरहि काढून घ्यावी लागते. एवढी मोठी जखम म्हणजे तटास पडलेलें खरेंच खिंडार होय.

दुसरें कारण यंत्राचें. हृदय थांबवून त्यावर काम करावयाचें तर तेवढा वेळ रक्त फिरविण्याचें व त्यांत प्राणवायु मिसळण्याचें काम दुसऱ्या कोणीतरी केलें पाहिजे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें ६ मे १९५३ रोजीं डॉ. जॉन गिबन यांनीं १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयांतील छिद्र अशा यंत्राच्या साहाय्यानें बंद केलें. त्या वेळीं २६ मिनिटें तिच्या हृदयाचा आणि फुप्फुसांचा सर्व भार यंत्रानें वाहिला. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आंत, १९६८ च्या फेब्रुवारींत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपणाचेंहि धाडस केलें. हें यंत्र मनुष्याचा प्राण वांचवितें खरें; परंतु रक्ताच्या दृष्टीनें त्याच्या नळ्या म्हणजे परकी वस्तु. जन्मभर रक्तवाहिनीच्या जिवंत, गुळगुळीत अस्तरावरून वाहिलेलें रक्त प्रथमच निर्जीव पृष्ठभागावरून वाहूं लागतें. रक्तांत कांहीं प्रथिनें पहारेकऱ्यांसारखीं असतात. त्यांस पूरक प्रथिनें म्हणतात. नळीचा स्पर्श होतांच तीं जागीं होतात, त्यांचे तुकडे पडतात आणि ते तुकडे शिंग फुंकल्याप्रमाणें न्यूट्रोफिल पेशींस हांक देतात. अलाबामा येथील शल्यवैद्य जॉन कर्कलिन व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालीं असें दाखवून दिलें, कीं रक्तांतील या तुकड्यांचें प्रमाण जितकें अधिक आणि यंत्रावरील काळ जितका दीर्घ, तितका पुढें फुप्फुसें, मूत्रपिंडें व हृदय यांस अपाय होण्याचा संभव अधिक. कांट्याच्या दाहांत हांक एका बोटापुरती असते. येथें ती वाहत्या रक्तांतच उठते, म्हणून ती सबंध शरीरांत पोंचते.

तिसरें कारण सर्वांत विलक्षण आहे. शल्यवैद्य महारोहिणीस चिमटा लावून हृदयाचा रक्तपुरवठा तात्पुरता बंद करतात आणि पोटॅशियमयुक्त द्रावणानें तें निश्चल करतात. काम आटोपल्यावर चिमटा काढतात आणि रक्त पुन्हां हृदयांत शिरतें. उपाशी माणसास एकदम पंचपक्वान्नें वाढलीं तर तीं त्यास बाधतात, तसें येथें होतें. रक्ताविना राहिलेल्या पेशींत प्राणवायु परत शिरतांच त्याचीं अतिशय दाहक रूपें तयार होतात. दुखावलेल्या पेशी फुटून त्यांच्या पोटांतील द्रव्यें बाहेर सांडतात. हीं द्रव्यें शरीराचींच असतात. पण तीं पेशीच्या आंत असावयाचीं, बाहेर नव्हेत. तीं बाहेर दिसतांच शिबंदी समजते कीं शत्रु आंत आला. शत्रु कोठेंच नसतो. उठलेली असते ती आवई.

यानंतर जें घडतें तें तासागणिक पाहण्याजोगें आहे. पहिल्या कांहीं तासांतच मोनोसाइट व इतर पेशी इंटरल्यूकिन नांवाचीं निरोप्या द्रव्यें रक्तांत सोडतात. तीं मेंदूपर्यंत पोंचतात व ज्वर येतो. यकृतापर्यंत पोंचतात व तें एक विशेष प्रथिन पुष्कळ प्रमाणांत बनवूं लागतें. हेंच प्रथिन रक्ततपासणींत सी. आर. पी. या नांवानें दिसतें आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तें कळसास पोंचतें. इकडे न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या अस्तरावरून प्रथम गडगडत जातात, मग त्यास चिकटतात, आणि शेवटीं दोन पेशींच्या फटींतून बाहेर घुसतात. बाहेर येऊन ते आपलीं शस्त्रें वापरतात : प्रथिनें विरघळविणारे पाचक रस, प्राणवायूचीं दाहक रूपें, आणि स्वतःच्या केंद्रकांतील धागे बाहेर फेंकून पसरलेलें जाळें. या जाळ्याचा शोध बर्लिन येथें २००४ सालीं लागला. जंतु असते तर या शस्त्रांनीं मेले असते. जंतु नसतांना तींच शस्त्रें रक्तवाहिनीच्या अस्तरावर पडतात. अस्तर गळकें होतें, रक्तांतील पाणी बाहेर झिरपतें आणि चेहरा व हात सुजतात. दाराबाहेरील मंडळी जी सूज पाहून घाबरतात तिचें मूळ पुष्कळ अंशीं हेंच.

हेंच पाणी फुप्फुसांत झिरपलें तर श्वासास त्रास होतो व कृत्रिम श्वासाची नळी काढण्यास उशीर लागतो. मूत्रपिंडांस हा ताप सोसला नाहीं तर लघवी कमी होते. मेंदूवर परिणाम झाला तर रोगी, विशेषतः वृद्ध रोगी, एकदोन दिवस असंबद्ध बोलतो, घरच्यांसहि ओळखत नाहीं. बहुतेकांचें हें भ्रमण ओसरतें. नाडी वेडीवांकडी पडण्याचें कारण असें, कीं हृदयाच्या वरच्या कप्प्यांची हालचाल अनियमित होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या दर तीनचार रोग्यांमागें एकास हा विकार होतो आणि तोहि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं, म्हणजे दाह ऐन भरांत असतांनाच.

या बाबतींत अलीकडचें संशोधन मोठें मनोवेधक आहे. निरोगी हृदयांतहि मॅक्रोफेज पेशी वस्तीस असतात आणि ठोक्याची विद्युत्-लहर वरून खालीं पोंचविण्यास त्या मदत करतात, असें बोस्टन येथील संशोधकांनीं २०१७ सालीं दाखविलें. त्याच संशोधकांनीं २०२३ सालीं असेंहि दाखविलें, कीं हा अनियमित नाडीचा विकार ज्यांस जडलेला आहे त्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत बाहेरून आलेल्या मॅक्रोफेजांची गर्दी वाढलेली असते, आणि तीच तेथील ऊतक कठीण करून विकार पोसते. घरचा पहारेकरी ठोका संभाळतो आणि बाहेरून आलेली गर्दी तोच बिघडविते, असा हा प्रकार आहे.

मग कोणीहि सहज विचारील, कीं ही शिबंदी औषधानें निजवून ठेवावी, म्हणजे झालें! हाच विचार वैद्यांनींहि केला. स्टेरॉइड औषधें दाह शमविण्यांत प्रसिद्ध आहेत. म्हणून कित्येक वर्षें तीं शस्त्रक्रियेच्या वेळीं देण्यांत येत. शेवटीं याची कसोटी मोठ्या प्रमाणावर घेण्यांत आली. २०१२ सालीं नेदरलंड्समधील ४,४९४ रोग्यांवरील आणि २०१५ सालीं १८ देशांतील ७,५०७ रोग्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टेरॉइड दिल्यामुळें मृत्यूंचें प्रमाण निश्चितपणें घटलें, असें दोहोंतहि आढळलें नाहीं. उलट दुसऱ्या प्रयोगांत हृदयाच्या स्नायूस इजा झाल्याचीं चिन्हें अधिक रोग्यांत दिसलीं. पूरक प्रथिनांचें तोंड बंद करणारें एक नवें औषध २००४ सालीं तीन हजारांहून अधिक रोग्यांवर अजमाविलें गेलें. अपेक्षिलेलें मुख्य फळ तेंहि देऊं शकलें नाहीं. यंत्रच टाळून धडधडत्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग निघाला, तेव्हां त्याकडून मोठी आशा होती. १९ देशांतील ४,७५२ रोग्यांची तुलना २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. पहिल्या महिन्यांतील मृत्यु, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व मूत्रपिंडें निकामी होणें या सर्वांचें एकत्रित प्रमाण दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखेंच आढळलें.

या अपयशांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. शिबंदी निजविली तर आवई थांबते, पण खिंडार कोण बुजविणार? जखम भरून काढणारे शिपाई तेच आहेत. चार दिवसांनीं न्यूट्रोफिल आपोआप मरूं लागतात. मॅक्रोफेज त्यांचीं प्रेतें गिळतात, आणि तें गिळतां गिळतां स्वतःहि पालटतात. आतां ते आग लावणारे निरोप न पाठवितां आग विझविणारे निरोप पाठवितात, नव्या रक्तवाहिन्या व नवे तंतु उभारण्यास चालना देतात. तट पुन्हां बांधला जातो तो यांच्याच हातून. म्हणून आजचें धोरण सरसकट दडपण्याचें नाहीं. यंत्रावरील वेळ शक्य तितका कमी करणें, नळ्यांस आंतून रक्ताला मानवेल असें अस्तर देणें, मधुमेह काबूंत ठेवणें आणि ज्या रोग्यास गरज असेल त्यासच विशेष औषध देणें, असें तें धोरण आहे.

अशा विशेष औषधाचें एक उदाहरण सह्याद्रींतील लोकांस जवळचें वाटेल. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवड्यांनीं कित्येकांस पुन्हां ताप येतो, छातींत दुखतें आणि हृदयाभोंवतालच्या पिशवींत पाणी होतें. हाहि शिबंदीच्या चुकीचाच एक प्रकार. इटलींत ३६० रोग्यांवर केलेल्या आणि २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कोल्चिसिन या औषधानें या विकाराचें प्रमाण शेंकडा २१ वरून शेंकडा ९ वर आलें. हें द्रव्य न्यूट्रोफिल पेशींची चाल मंदावतें. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या झुडपांतून तांबड्यापिवळ्या ज्वाळांसारखीं फुलें मिरविणारी जी कळलावी, तिच्या कंदांत व बियांतहि हेंच द्रव्य असतें. मात्र कळलावी हें जहाल विष आहे. तिचा कंद खाऊन माणसें मेलीं आहेत. औषधाची मोजलेली मात्रा वैद्यानें द्यावी. कंद उगाळून घेण्याचा विचारहि कोणी मनांत आणूं नये.

आतां दाराबाहेरील मंडळींनीं काय ध्यानांत धरावें? पहिल्या दोनतीन दिवसांतील सौम्य ज्वर, सूज व वाढलेल्या पांढऱ्या पेशी एवढ्यावरून शस्त्रक्रिया बिघडली असें अनुमान काढूं नये. परंतु याच्या उलट चूकहि होतां कामा नये. या पहिल्या धुमाळीनंतर शिबंदी थकते; लिंफोसाइट कमी होतात, मोनोसाइट सुस्तावतात, आणि खऱ्या जंतूस हीच संधि असते. म्हणून उतरलेला ताप पुन्हां चढला, टांक्यांतून पूं अथवा पाणी येऊं लागलें, छातीचें हाड खोकतांना हललें किंवा त्याचा कटकट आवाज आला, धाप वाढली, तर 'डॉक्टरांनीं ताप येतो म्हणून सांगितलें होतें' असें म्हणून घरीं बसूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. भेटीस येणाऱ्यांची गर्दी आवरावी आणि हात धुतल्यावांचून कोणीं रोग्यास स्पर्श करूं नये. ताकद यावी म्हणून गांवांत कोणी सांगेल तें इंजेक्शन देऊं नये. तशा इंजेक्शनांत पुष्कळदां स्टेरॉइडच असतें आणि तें थकलेल्या शिबंदीस आणखी निजवितें. शस्त्रक्रियेपूर्वींहि करण्यासारखें पुष्कळ आहे : तंबाखू, विडी आणि मिश्री सोडावी, किडलेल्या दांतांवर उपचार करून घ्यावेत, आणि साखर तपासून ती आटोक्यांत आणावी. किल्ल्याची डागडुजी वेढा पडण्यापूर्वीं झालेली बरी.

नगरजवळच्या डोंगरावर सलाबतखानाची जी तीन मजली कबर आहे, तिला लोक आजहि चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती तिची नव्हे. परंतु जिनें तट राखला तिची आठवण लोकांनीं कोठेंतरी जपून ठेवली. तिच्या अंताची आठवणहि तितकीच जपण्यासारखी आहे. खोट्या आवईवर विश्वासल्यानें किल्ल्याची केवढी हानि झाली, हें ती सांगते. शरीरांतील शिबंदीस कोणी शहाणपण शिकवूं शकत नाहीं. दाराबाहेर बसलेल्या माणसांस मात्र शिकतां येतें. पांचसहा दिवसांनीं तोच रोगी, उशी छातीशीं धरून, हळूहळू चालत दारापर्यंत येतो. सूज उतरलेली असते आणि चेहरा ओळखीचा झालेला असतो. आंत शिपायांचें काम चालूंच असतें. चिरलेलें हाड सांधण्यास अजून दोनतीन महिने लागावयाचे असतात. तेवढे दिवस त्यांस शांतपणें काम करूं देणें, आणि खरें संकट व खोटी आवई यांतील भेद ओळखून वेळेवर वैद्याकडे जाणें, हा घरच्या मंडळींचा भाग होय.